परदेशात शिकवायला जाताय? पगाराआधी व्हिसा कोणाच्या हातात आहे ते बघा

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधली 'नोव्हा' ही इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवणारी सगळ्यात मोठी कंपनी कोसळली. तिच्याकडे सुमारे ४,००० परदेशी शिक्षक होते. पगार त्याआधीपासूनच लांबत चालले होते. अनेकांना घर कंपनीनेच दिलेलं होतं आणि भाडं पगारातून कापून घेतलं जायचं. ते पुढे घरमालकाला पोचतच नव्हतं, हे काहींना जागा रिकामी करायची नोटीस आल्यावर कळलं. नोकरी आणि घर एकदमच गेलं. व्हिसा मात्र वाचला, कारण जपानमध्ये तो कंपनीच्या नावावर नसतो, कामाच्या प्रकारावर मिळतो. तेवढ्या एका गोष्टीमुळे पुष्कळ जणांना तिथेच दुसरी नोकरी धरता आली. हाच प्रकार दुसऱ्या एखाद्या देशात घडला असता, तर यातल्या बऱ्याच जणांना बॅग भरून थेट विमानतळ गाठावा लागला असता.

परदेशी शाळांच्या जाहिराती आजकाल फोनवर सतत येऊन पडतात. राहायला मोफत जागा, जाण्या-येण्याचं तिकीट, करमुक्त पगार. वाचणाऱ्याची नजर साहजिकच पगाराच्या आकड्यावर जाते. माझं म्हणणं असं आहे, की तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

तिन्ही गोष्टी एकाच खुंटीला

आपल्या देशात नोकरी, घर आणि तिथे राहण्याचा हक्क या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. नोकरी गेली म्हणून कोणी देशाबाहेर काढत नाही. परदेशी शिक्षकाच्या या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, आणि ती खुंटी म्हणजे त्याची शाळा. खुंटी निखळली की तिन्ही एकदम खाली.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा: स्पॉन्सर. म्हणजे सरकारपुढे "या माणसाला आम्ही कामासाठी बोलावलं आहे" अशी हमी देणारी संस्था. स्पॉन्सरचं वजन किती, हे देशागणिक बदलतं. दक्षिण कोरियात भाषा शिकवणाऱ्यांना ई-२ व्हिसा मिळतो. कराराची मुदत संपायच्या आत तिथे शाळा बदलायची असेल, तर जुन्या मालकाचं 'याला सोडायला आमची हरकत नाही' असं पत्र लागतं. मालकाशी भांडण झालंय म्हणून तर शाळा बदलायची आहे, आणि पत्र मागायचं त्याच मालकाकडे! चीनमध्येही नोकरी बदलताना आधीच्या संस्थेचा दाखला लागतो.

आखाती देशांत ही पकड आणखी घट्ट होती. ती गेल्या काही वर्षांत सैल झाली आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये खासगी क्षेत्रात काही अटींवर तशी मुभा दिली. ब्रिटन आणि अमेरिकेतही स्पॉन्सर असतोच. ब्रिटनमध्ये नोकरी सुटली की नवा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे ६० दिवस मिळतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसावरच्या माणसालाही जास्तीत जास्त ६० दिवसच मिळतात. शाळांची भरती वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच होते हे लक्षात घेतलं, तर हे ६० दिवस शिक्षकाला फार तोकडे पडतात.

जपानमध्ये व्हिसा शाबूत राहतो म्हटलं, तरी तिथेही दोन अटी आहेत. नोकरी सुटल्यावर किंवा बदलल्यावर १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, आणि सबळ कारण नसताना तीन महिने त्या प्रकारचं काम न करता बसायचं नाही. नाहीतर परवाना रद्द होऊ शकतो. शिवाय सरकारी शाळेत शिकवण्याचा परवाना वेगळा आणि खासगी भाषावर्गाचा वेगळा. एकाचा कागद दुसरीकडे आपोआप चालत नाही.

म्हणून मुलाखतीत "पगार किती?" याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: उद्या मी नोकरी सोडली किंवा तुम्ही काढलंत, तर माझ्या व्हिसाचं काय होईल आणि मला किती दिवस मिळतील? चांगल्या शाळेकडे याचं उत्तर तयार असतं. "तशी वेळच येणार नाही" हे उत्तर नव्हे.

"आधी या, व्हिसाचं इथे बघू"

हे वाक्य ऐकलं की पुढचं बोलणं थांबवावं. पर्यटक म्हणून या, शिकवायला लागा, कागद नंतर बदलून घेऊ, असं सांगणारे वर्ग बऱ्याच देशांत आहेत. सापडल्यावर शिक्षा काय होते, याचं एक उदाहरण चीनचं. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर मानलं गेलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही. मालकालाही दंड होतो, पण देश सोडावा लागतो तो शिक्षकालाच. वर, पगार थकला तरी तक्रार कुठे करणार? जे काम कायद्याने नव्हतंच, त्याचा पगार मागायला गेलं की पहिला गुन्हा आपलाच उघड होतो.

रीतसर गेलेल्यालाही पोचल्यावर लगेच धावपळ असते. चीनमध्ये हॉटेलऐवजी घरी उतरलात तर २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची, आणि ३० दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. कोरियात ९० दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. जपानमध्ये घर ठरल्यावर १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा.

या नोंदणीचं कार्ड हातात येईपर्यंतचे आठवडे चमत्कारिक असतात. बँक खात्यासाठी फोन नंबर मागते, फोनवाला कार्ड मागतो, कार्ड अजून छापून यायचंय, आणि शाळेला तर पगार जमा करायला बँक खातं हवंय. कोरियात बरेचसे ऑनलाइन व्यवहार स्वतःच्या नावावरच्या फोनने ओळख पटल्याशिवाय होत नाहीत. तिथे परदेशी माणसाच्या नावातली मधली मोकळी जागा किंवा मधलं नाव कार्डावर एक आणि फोन कंपनीकडे दुसरं असेल, तर ओळख पटतच नाही. त्यात पहिला पगार अनेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या अखेरीस होतो. म्हणजे निदान दोन महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी ठेवूनच निघावं.

कागदांना लागणारा वेळ

पदवी खरी आहे हे परदेशातल्या सरकारला पटवायचं कसं? यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून अपॉस्टिल नावाची सोय निघाली. आपल्या देशातल्या अधिकृत खात्याने कागदावर एक ठरावीक प्रमाणपत्र लावायचं, की करारातल्या बाकी देशांनी तो कागद मान्य करायचा. मात्र अपॉस्टिल सांगतं ते एवढंच, की कागदावरची सही-शिक्का खरा आहे. पदवी त्या नोकरीला पुरेशी आहे की नाही, हे वेगळं ठरतं.

चीन या व्यवस्थेत ७ नोव्हेंबर २०२३ पासून आला. त्याआधी तिथे जाणाऱ्यांना कागद घेऊन वकिलातीच्या चकरा माराव्या लागत. संयुक्त अरब अमिरातीसाठी अजूनही टप्प्याटप्प्याने साक्षांकनच करून घ्यावं लागतं: आधी आपल्या देशातली खाती, मग त्यांची वकिलात, मग तिकडचं परराष्ट्र खातं. यात आठवडे जातात, आणि नेमकं तेव्हाच एखाद्याच्या लक्षात येतं की पदवीवर लग्नाआधीचं आडनाव आहे आणि पासपोर्टवर नंतरचं. नावातला असा फरक असेल तर त्याचा कायदेशीर कागद आधीच करून, तोही साक्षांकित करून ठेवावा. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मात्र फार लवकर काढू नये. बहुतेक देश ते काही महिन्यांपर्यंतच ग्राह्य धरतात.

एक कटू गोष्टही इथेच सांगून टाकतो. काही ठिकाणी पदवीपेक्षा पासपोर्टचा रंग मोठा ठरतो. कोरियाचा इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. इतर कोणी कितीही चांगलं शिकवत असला, तरी नेहमीच्या वाटेने त्याला तो मिळत नाही. उलट उदाहरण इंग्लंडचं. तिथल्या शाळांत गणित, विज्ञान आणि भाषा शिकवायला माणसं कमी पडतात, म्हणून २०२३ पासून भारत, घाना, नायजेरिया, जमैका, झिंबाब्वे अशा देशांतल्या शिक्षकांना आपल्या पात्रतेवर थेट तिथल्या शिक्षक-मान्यतेसाठी अर्ज करता येतो. जाहिरात आली की आधी आपला पासपोर्ट त्या व्हिसाला चालतो का, ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघावं. एजंटच्या शब्दावर राहू नये.

आता पगार

समजा, अमिरातीतल्या दोन शाळांनी महिना १०,००० दिरहमची ऑफर दिली. वरवर दोन्ही सारख्याच. आतली फोड बघा. पहिलीत बेसिक म्हणजे मूळ पगार ७,००० आणि बाकी भत्ते. दुसरीत बेसिक ३,००० आणि घर, प्रवास वगैरे भत्ते मिळून ७,०००.

तिथे निवृत्तिवेतनाऐवजी परदेशी कर्मचाऱ्याला नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते. किमान एक वर्ष पूर्ण झालेलं असलं, तर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, त्यापुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. पण हा पगार धरायचा तो बेसिक. तीन वर्षांनी सोडलं तर पहिल्या शाळेतून १४,७०० दिरहम हातात पडतील आणि दुसरीतून ६,३००. महिन्याच्या शेवटी खात्यात येणारी रक्कम तीन वर्षं सारखीच होती, म्हणून कोणाला काही जाणवलंही नसेल.

कोरियात वर्ष पूर्ण केलं की साधारण महिन्याभराचा सरासरी पगार नोकरी सोडताना मिळतो. म्हणूनच तिथे करार अकरा महिन्यांचा असेल तर कान टवकारावेत. अकराव्या महिन्यात काही तरी खुसपट काढून शिक्षकाला कमी करण्याचे प्रकारही तिथे जुने आहेत.

जपानमध्ये आकडा आणखी मजेशीर: आठवड्याला २९.५ तास. ३० का नाहीत? कारण पूर्णवेळ माणसाच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे ४० तासांच्या आठवड्यात ३० तास भरले, की मालकाला आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा वाटा उचलावा लागतो. ते टाळण्यासाठी अर्धा तास कमी. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी ही मर्यादा २० तासांवर आणली आहे, पगाराची वगैरे अट धरून. लहान संस्थांत २९.५ चा खेळ अजून चालू शकतो.

तासांचाच दुसरा घोळ म्हणजे शिकवण्याचे तास आणि कामाचे तास. करारात "आठवड्याला २४ तास अध्यापन" असतं, पण तयारी, वह्या तपासणं, पालकांना भेटणं, शनिवारचे कार्यक्रम यांचा उल्लेखच नसतो. शाळेत किती वाजता यायचं आणि किती वाजता निघायचं, हे लिहून घेतल्याशिवाय ताशी पगार कळत नाही.

करमुक्त म्हणजे कोणाच्या करातून मुक्त?

अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर आयकर नाही, हे खरं. पण "इथे कर नाही" याचा अर्थ "कुठेच कर नाही" असा होत नाही. बहुतेक देश वर्षातले किती दिवस कोण कुठे राहिला यावरून कर ठरवतात. अमेरिका तर आपल्या नागरिकाच्या जगभरातल्या उत्पन्नावर हक्क सांगते, तो कुठेही राहत असो. तेव्हा मायदेशाच्या लेखी आपण अनिवासी ठरतो का, हे निघण्याआधीच सल्लागाराकडून समजून घेतलेलं बरं.

शिक्षकांसाठी यात एक वेगळी सवलत असते, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. दुहेरी कर टाळण्यासाठी दोन देश जे करार करतात, त्यांतल्या काहींत बाहेरून शिकवायला आलेल्या शिक्षकांसाठी स्वतंत्र कलम आहे. ठरावीक मुदतीपर्यंत, बरेचदा दोन वर्षं, मान्यताप्राप्त संस्थेतल्या शिकवण्याच्या पगारावर यजमान देश कर घेत नाही. मेख अशी, की काही करारांत ही मुदत ओलांडली तर पुढची सूट तर जातेच, पण पहिल्या दिवसापासूनचीही रद्द होते. दोन वर्षांवर एक सत्र जास्त थांबणं अशा वेळी चांगलंच महागात पडतं.

जपानला जाणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी हमखास धक्का बसतो. तिथला रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो आणि जूनपासून वसूल होतो. पहिल्या वर्षी तो नसतो. दुसऱ्या वर्षी पगार तोच, हातात येणारे पैसे मात्र कमी, आणि शिक्षकाला वाटतं शाळेने फसवलं.

घर शाळेचं घ्यावं की स्वतःचं?

पहिल्या वर्षी शाळेचं. भाषा येत नाही, ओळखी नाहीत, आणि भाड्याने घर द्यायला अनेक घरमालक परदेशी माणसापुढे कचरतात. जपानमध्ये डिपॉझिटशिवाय 'रेइकिन' नावाची रक्कम काही ठिकाणी द्यावी लागते, ती परत मिळत नाही. वर हमीदारही लागतो. कोरियात डिपॉझिटच मोठं असतं.

पण जमेल तेव्हा घर वेगळं करावं, या मताचा मी आहे. भाडं थोडं जास्त गेलं तरी चालेल. खुंटीवरची एक गोष्ट तरी उतरते. शाळेचंच घर असेल, तर नोकरी सुटल्यावर ते किती दिवसांत सोडायचं, हे करारात आकड्याने लिहिलेलं हवं. आणि चावी हातात घेतल्याच्या दिवशी भिंतीवरची ओल, गादीवरचे डाग, विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढून शाळेला त्याच दिवशी ईमेल करावेत. फोटो नुसते फोनमध्ये राहिले तर वर्षाने डिपॉझिटच्या वादात "हे कधीचे?" असं विचारलं जातं.

"शाळा नामांकित आहे, एवढी चौकशी कशाला?"

नोव्हाही नामांकितच होती. शिवाय संस्था चांगली असूनही धोरण बदलू शकतं. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. नफ्यासाठी त्या चालवायला बंदी आली आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून ऑनलाइन वर्ग घेणंही थांबलं. तिथल्या शिक्षकांची चूक काहीच नव्हती.

"एवढे प्रश्न विचारले तर नोकरी दुसऱ्याला देतील" ही भीती मी समजू शकतो. पण शाळेलाही शिक्षक सहज मिळत नाही, म्हणून तर ती परदेशातून बोलावते आहे. करार वाचायला चार दिवस मागितले म्हणून जी शाळा चिडते, ती पगार लांबल्यावर कशी वागेल?

एजंटला पैसे द्यावे का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करारानुसार नोकरी शोधणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये. अमिरातीच्या कायद्यातही भरतीचा खर्च कर्मचाऱ्यावर टाकायला मनाई आहे. साक्षांकनाचे किंवा व्हिसाचे सरकारी पैसे ही वेगळी गोष्ट. त्यांची पावती मिळते.

"पासपोर्ट सुरक्षिततेसाठी ऑफिसात ठेवतो" हेही ऐकायला मिळतं. अमिरातीत कर्मचाऱ्याची कागदपत्रं ठेवून घ्यायला कायद्याने बंदी आहे. नोंदणीच्या कामापुरता पासपोर्ट द्यायचा, तोही कधी परत मिळणार हे लेखी घेऊन.

करार दोन भाषांत असेल, तर वाद झाल्यावर कोणती प्रत ग्राह्य धरणार हे विचारा. अमिरातीत अरबी. म्हणजे आपण इंग्रजीत वाचून सही केलेलं कलम अरबीत वेगळं असलं, तर चालणार ते अरबीच. त्या भाषेच्या जाणकाराकडून निदान पगार, तास, नोटीस आणि दंडाची कलमं वाचून घ्यावीत.

सोडायची वेळ येते तेव्हा

निघण्याचीही रीत असते. अमिरातीत प्रोबेशन, म्हणजे पारखण्याचा काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतो. त्या काळात देशच सोडायचा असेल तर १४ दिवसांची नोटीस, आणि तिथेच दुसऱ्या मालकाकडे जायचं असेल तर एक महिन्याची. प्रोबेशननंतर नोटीस ३० ते ९० दिवसांची, करारात असेल तशी. नोटीस न देता रात्रीतून निघून जाणारे शिक्षक सगळ्याच देशांत असतात. त्यांचे कमावलेले पैसे अडकतात, आणि पुन्हा त्या देशाचा व्हिसा मागताना ते प्रकरण समोर येऊ शकतं.

पगारातून पेन्शनसाठी कापलेले पैसे बरेच जण विसरून जातात. जपानमध्ये निदान सहा महिने भरणा झाला असेल, तर देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून एकरकमी परतावा मिळतो, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या भरण्याएवढा. नोकरदारांच्या पेन्शनच्या परताव्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो. निघण्याआधी तिथे कोणाला तरी आपला कर-प्रतिनिधी म्हणून नेमून ठेवलं, तर त्याच्यामार्फत तोही परत मागता येतो. मात्र आपल्या देशाचा जपानशी सामाजिक सुरक्षा करार असेल, तर घाई करू नये. परतावा घेतला की तिथली वर्षं पुसली जातात, आणि दोन्ही देशांतली वर्षं जोडून पेन्शन मिळवण्याचा मार्ग तेवढ्यापुरता बंद होतो. कोरियात परतावा मिळतो की नाही, हे पासपोर्टवर ठरतं. एकाच खोलीत बसणाऱ्या दोन शिक्षकांपैकी अमेरिकन माणसाला तो मिळतो, ब्रिटिशाला नाही.

शेवटचं काम अनुभवाच्या दाखल्याचं आणि पोलिसांच्या प्रमाणपत्राचं. दाखल्यावर कोणत्या वर्गांना, कोणता विषय, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकवला हे सगळं हवं. पुढची शाळा आणि पुढचा देश तेच विचारतो. ज्या देशात राहिलात तिथलं चारित्र्य प्रमाणपत्र तिथे असतानाच काढावं. बाहेरून काढायचं तर बोटांचे ठसे, वकिलात आणि टपाल यांत महिने जातात. जपानमध्ये ते बंद लिफाफ्यात मिळतं. आत काय आहे ते बघायला लिफाफा फोडला, की ते बाद होतं.